आतल्या बेडरूममध्ये वायफायची रेंज : बी विंगच्या ग्रुपवर झालेली चर्चा

बी-६०३ : नमस्कार मंडळी. कुणाच्या घरी आतल्या बेडरूममध्ये वायफाय नीट चालतंय का? आमच्याकडे हॉलमध्ये उत्तम. पॅसेज ओलांडला की दोन कांड्या, आणि सासूबाईंच्या खोलीत एक, तीही येते-जाते. त्या खोलीत मोबाइलला नेटवर्कच नाही. रात्री त्यांना काही लागलं तर आम्हाला फोन लावता यावा म्हणून वायफाय कॉलिंग चालू करून दिलंय, पण वायफायच पोचत नाही. इंटरनेट कंपनीवाले म्हणतात, १०० एमबीपीएस वेगाचा प्लॅन सोडा, ३०० चा घ्या. घ्यावा का?

बी-२०१ : आमच्याकडे ३०० चाच आहे ताई. हॉलमध्ये ३०० येतो, आतल्या खोलीत ८-१०.

बी-७०२ : सेम. मुलीचा ऑनलाइन क्लास डायनिंग टेबलवरच चालतो.

बी-१००२ : वहिनी, प्लॅन अजिबात वाढवू नका. माझं रोजचं काम नेटवर्कचंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्लॅन म्हणजे फायबरमधून डबीपर्यंत, म्हणजे वायफायच्या राउटरपर्यंत, किती येतं ते. डबीपासून पलंगापर्यंत किती पोचतं, त्याच्याशी प्लॅनचा संबंध नाही. आधी एवढं करा. फोनवर वायफाय ॲनालायझरसारखं एखादं ॲप घ्या. त्यात सिग्नल डीबीएममध्ये दिसतो, आकडा उणे असतो. डबीजवळ, पॅसेजमध्ये आणि सासूबाईंच्या उशाशी असे तीन आकडे लिहून घ्या. कांड्यांवर जाऊ नका, प्रत्येक फोन त्या आपल्या हिशोबाने दाखवतो. उणे ५० म्हणजे छान, उणे ६७ पर्यंत कॉल व्यवस्थित होतो, उणे ८० च्या पुढे काही खरं नाही. आणि हे आकडे सरळ चढत-उतरत नाहीत. ३ ने घसरला की ताकद निम्मी, १० ने घसरला की एक दशांश.

बी-६०३ : आत्ताच बघितलं. डबीजवळ उणे ४४, पॅसेजमध्ये उणे ६३, आईंच्या उशाशी उणे ८२. एवढासा फ्लॅट आहे हो आमचा! सदाशिव पेठेत राहायचो तेव्हा तीन खोल्यांना एक जुनी डबी पुरायची.

बी-३०४ : ताई, तिथे विटांच्या भिंती होत्या. आपली बिल्डिंग मायवानची आहे. मी बरीच वर्षं साइटवर काढली आहेत, म्हणून सांगतो. जुन्या पद्धतीत कॉलम-बीम सळई-काँक्रीटचे आणि मधली भिंत विटांची किंवा ब्लॉकची. मायवानमध्ये ॲल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात. म्हणजे तुमच्या हॉल आणि पॅसेजमधली भिंतसुद्धा काँक्रीटची, आत लोखंडी जाळी. साधी तसबीर लावायची तरी हॅमर ड्रिल लागतं, हे सगळ्यांनी अनुभवलं आहे. अशा दोन भिंती मध्ये आल्या की हीच गत.

बी-१००२ : काका, अगदी बरोबर. काँक्रीट लहर शोषून घेतं आणि जाळी ती परतवते. त्यातही फरक आहे. बहुतेक घरांत वायफाय दोन पट्ट्यांवर, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींवर, चालतं. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब असते, ५ ची सहाच्या आत. ५ ला वेग जास्त, पण काँक्रीट तिला फारच जड जातं. म्हणून हॉलमध्ये ५ वर ३०० येतो, आत गेलं की फोन २.४ वर उतरतो, आणि २.४ वर आख्ख्या बिल्डिंगची गर्दी आहे. त्या गर्दीबद्दल मला वेगळं बोलायचंय, ते नंतर. वहिनी, डबी नेमकी कुठे आहे?

बी-६०३ : टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात, दार लावलेलं असतं. वायरी दिसू नयेत म्हणून सुताराने तिथेच जागा केली होती. आईंच्या खोलीच्या भिंतीला आरशाचं लोखंडी कपाट आहे.

बी-१००२ : डबी कप्प्यातून काढून युनिटच्या वर ठेवा, अँटेना उभ्या करा. अँटेनाचा सिग्नल तिच्या टोकातून निघत नाही, कडेने चहूकडे पसरतो, म्हणून तिचं टोक खोलीकडे वळवून काही होत नाही. आरसा आणि लोखंडी कपाट सरळ मधे येत असतील तर कपाट हलवून बघा. हे फुकट आहे, म्हणून आधी हे. मात्र फायबरची ती बारीक वायर ओढू-दुमडू नका. आत काच असते. डबीवरचा एलओएसचा लाल दिवा लागला, म्हणजे फायबरचा सिग्नल तुटला, तर माणूस येईपर्यंत सगळंच बंद.

बी-६०३ : केलं. उशाशी उणे ७६ झाला.

बी-८०१ : मी रिपीटर आणलाय, वायफायचा सिग्नल पुढे पोचवणारी डबी. बेडरूममध्ये पाच कांड्या दिसतात, तरी व्हिडिओ गोल फिरत बसतो. दुकानदार म्हणतो डबीच खराब.

बी-१००२ : दादा, रिपीटर बेडरूममध्येच लावलाय ना? तिथे पोचणाराच सिग्नल फाटका आहे, रिपीटर तोच फाटका सिग्नल जोरात सांगतोय. तुम्हाला दिसतात त्या पाच कांड्या रिपीटरपासून फोनपर्यंतच्या. त्याला पॅसेजमधल्या सॉकेटवर आणा, जिथे उणे ६० च्या आसपास मिळतंय. साधा एकाच पट्टीचा रिपीटर असेल तर वेग तरीही निम्म्यावर येईल. निरोप्यासारखं आहे ते : आधी ऐकायचं, मग तेच सांगायचं, आणि ऐकताना बोलता येत नाही. मेशच्या, म्हणजे घरभर ठेवून एकमेकींना जोडायच्या, बिनतारी डब्यांनाही हीच भिंत आडवी येते. विटांच्या घरात त्या छान चालतात. इथे मी वायरशिवाय त्यावर पैसे घालायला सांगणार नाही.

बी-७०२ : म्हणजे वायर टाकायचीच? सगळं फर्निचर झालंय हो, केसिंग पट्ट्या फिरवायला नकोशा वाटतात.

बी-३०४ : पट्टी कशाला? प्रत्येक बेडरूममध्ये टीव्हीचा पॉइंट दिलेला आहे. त्याचा कन्सील पाइप भिंतीतून आणि स्लॅबमधून हॉलच्या पॉइंटपर्यंत आधीच गेलेला आहे. बहुतेकांच्या पाइपात जुनी डिशची केबल नुसती पडून आहे. तिच्या टोकाला नवीन केबल घट्ट बांधायची, गाठीवर टेप गुंडाळून ती निमुळती करायची, आणि दुसऱ्या टोकाने जुनी हळूहळू ओढायची. एक जण ओढणार, दुसरा या बाजूने ढकलणार. वळणावर अडली तर झटका द्यायचा नाही, थोडी मागे घेऊन पुन्हा. पाइप रिकामा असेल तर इलेक्ट्रिशियनची स्प्रिंग लागेल. दोन गोष्टी मात्र कुणीही करायच्या नाहीत. लाइटच्या वायरींच्या पाइपात ही केबल घालायची नाही. आणि भिंत छिन्नीने चिरायची नाही. या भिंतींवर बिल्डिंग उभी आहे.

सेक्रेटरी, बी-५०२ : काकांचा शेवटचा मुद्दा सगळ्यांनी लक्षात घ्यावा. भिंतीला चर पाडायला सोसायटीची परवानगी नाही, मिळणारही नाही.

बी-१००२ : काका, एकच नंबर. केबल कॅट ६ (नेटवर्कची केबल) घ्या, अस्सल तांब्याची. स्वस्तातल्या बऱ्याच केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडने तार खरवडा, आतून पांढरी निघाली तर परत करा. ओढताना ती तुटते, आणि पाइपात तुटलेली तार शोधणं म्हणजे पुन्हा सगळं काम. दोन्ही टोकांना आठही तारा जॅकमध्ये बसवून घ्या. काही जण चारच लावून मोकळे होतात, मग वेग १०० वर अडतो. बेडरूमच्या टोकाला दुसरा राउटर, तो ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे वायरने आलेलं नेट तो नुसतं वायफायवर देतो. कुणाकडे जुना पडून असेल तर तोही चालेल. नाव आणि पासवर्ड हॉलच्या डबीचेच ठेवा, म्हणजे चालता-चालता फोन आपोआप एका डबीवरून दुसरीवर जातो.

बी-९०३ : कंपनीला सांगून फायबरच आत नेता येणार नाही का?

बी-१००२ : येतं, पण मग डबी आत जाते आणि हॉल उपाशी राहतो.

बी-६०३ : काल सकाळी इलेक्ट्रिशियन येऊन गेला. काका स्वतः थांबले होते. डिशची केबल हॉलच्या बाजूला जराशी अडली, पण आली. आईंच्या उशाशी आता उणे ४६. त्यांनीच आम्हाला त्यांच्या खोलीतून फोन लावून बघितला, आवाज स्वच्छ. प्लॅन १०० चाच ठेवलाय. काका, ताई, मनापासून आभार.

बी-२०१ : काका, आमच्याकडेही याल का?

बी-३०४ : येईन. आधी डिशची केबल दोन्ही टोकांना हलवून बघा, हलत असेल तर अर्धं काम झालं.

बी-१००२ : आता गर्दीचं. हे एकट्याने सुटणार नाही, म्हणूनच ग्रुपवर लिहितेय. २.४ वर भारतात १ ते १३ असे चॅनेल, म्हणजे त्या पट्टीतल्या वाटा, आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. न भिडणारे तीनच : १, ६ आणि ११. आत्ता माझ्या पॅसेजमधून बघितलं तर कुणी ३ वर, कुणी ४ वर, कुणी ८ वर आहे. रिकामं दिसलं म्हणून मुद्दाम घेतलेलं असावं. पण त्याचा उलटा परिणाम होतो. दोन डब्या एकाच चॅनेलवर असल्या तर एकमेकींचं ऐकतात, आळीपाळीने बोलतात. ४ वरची डबी मात्र १ आणि ६ दोघांनाही नुसता गोंगाट म्हणून ऐकू येते, आणि ती आळीपाळी मोडते. तेव्हा आपण सगळ्यांनी ठरवून घेऊ या.

बी-९०३ : ठरवायचं कसं? इतके फ्लॅट आहेत.

बी-१००२ : मजला आणि फ्लॅटचा आकडा यांची बेरीज करा, तिला ३ ने भागा. बाकी १ उरली तर चॅनेल १, बाकी २ उरली तर ६, काहीच उरलं नाही तर ११. वहिनींचा ६०३, म्हणजे ६ अधिक ३, ९, बाकी शून्य, चॅनेल ११. त्यांच्या शेजारी ६०२ ला ६ येतो, ६०४ ला १. वर ७०३ ला १, खाली ५०३ ला ६. लागून असलेलं कुणीच ११ वर नाही. एका मजल्यावर फक्त ०१ आणि ०४ ला तोच चॅनेल येतो, आणि ते लॉबीच्या दोन टोकांना आहेत.

बी-८०१ : आमचा ऑटोवर आहे, तो आपला आपण निवडत नाही का?

बी-१००२ : बरेच राउटर चालू होताना एकदाच बघून निवडतात. आपल्याकडे लाइट जाऊन आली की सगळे एकदमच चालू होतात, प्रत्येकाला तेव्हा मोकळंच दिसतं. म्हणून हाताने लावू या. सोबत २.४ च्या चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ असेल तर २० करा. ४० वर एक डबी जवळपास दोघांची जागा खाते. ५ ला हात लावायची गरज नाही, ती आपल्या भिंतीतून बाहेर फारशी जातच नाही. ज्यांनी आत दुसरी डबी बसवली आहे त्यांनी तिचं २.४ बंद ठेवून ५ च चालवलं तर आणखी बरं. फक्त त्या खोलीतल्या फोनला ५ चालतं का ते आधी बघा. गिझरचे स्मार्ट प्लग आणि दारावरचे कॅमेरे बहुतेक २.४ वरच असतात, पण त्यांना हॉलची डबी पुरेल.

बी-६०३ : आईंचा फोन ५ दाखवतोय. तिथलं २.४ बंद केलं.

सेक्रेटरी, बी-५०२ : चॅनेलचा तक्ता छापून लिफ्टजवळच्या बोर्डवर लावतो. ज्यांना जमणार नाही त्यांनी इथे नुसता फ्लॅट नंबर टाका. भाडेकरूंना मालकांनी कळवावं, ते या ग्रुपवर नाहीत.

बी-१०४ : आमचं मुलगा बघतो, तो बंगळुरूला असतो. मला यातलं काही येत नाही. आमचं कुठलं?

बी-१००२ : काकू, १ अधिक ४ म्हणजे ५, बाकी २, तुमचं ६. मी संध्याकाळी सातनंतर येऊन लावून देते. सेटिंग उघडायचा पासवर्ड डबीच्या खालच्या स्टिकरवर असतो. बाकीच्यांनीही तो लागेल तेव्हा तिथेच बघा आणि नंतर बदलून टाका. त्या स्टिकरचा फोटो मात्र कुणी ग्रुपवर टाकू नका.