गेमिंग पीसी जुळवताना कुठे पैसे वाचवले नि कुठे पस्तावलात? अनुभव सांगा

मंडळी, भाच्याची बारावी झाली आणि त्याला गेमिंग पीसी हवाय. बजेट ६० हजार, मॉनिटर वेगळा. २०२३ला मी स्वतःचा जुळवलेला तेव्हा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम आणि आरएक्स ६६०० ग्राफिक कार्ड असं सगळं ५५ हजारात बसलेलं, त्यातले वीस-बावीस एकट्या ग्राफिक कार्डाला गेले. आता २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव असे भडकलेत की तोच हिशोब मांडला तर कुठेतरी कात्री लावावीच लागणार. ती कुठे लावू? यूट्यूबवरच्या याद्या बघून झाल्यात, त्या नकोत. तुम्ही कशावर वाचवलंत आणि नंतर काय झालं ते लिहा, फजिती असली तर आधी ती.

गावाकडचा गेमर
एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, पैसे वाचवू नका एवढंच सांगतो. मी कॅबिनेटसोबत फुकट आलेला वापरला, वर मोठ्ठं ४५० वॉट लिहिलेलं. आमच्याकडे लाईट दिवसातून चारदा जाते-येते, एकदा आली ती जोरातच आली, फट्ट आवाज, जळका वास, आणि सोबत मदरबोर्डही गेला. मेल्यावर त्याचं लेबल नीट वाचलं. १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट, आणि प्रोसेसर नि ग्राफिक कार्ड दोघांचं पोट याच लाईनवर भरतं! तेव्हापासून दुकानात खोका हातात घेतला की पहिला तो रकाना बघतो, मग ८० प्लस बिस्प्लस (वीज कमी वाया घालवतो याचा शिक्का). हां, आणि घरचं अर्थिंग तपासून घ्या. माझ्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या, मला वाटायचं पीसी असाच असतो.

ग्रँटरोड_उतरा
२०२१ला मुंबईत लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात गेलेलो. ग्राफिक कार्ड विचारलं की दुकानदार हसायचे, सगळा माल मायनिंगवाल्यांनी (कार्डांवर क्रिप्टो नाणी कमावणाऱ्यांनी) उचललेला आणि जो होता त्याचा भाव ऐकून मी परत स्टेशनकडे. शेवटी रायझन ५६००जी प्रोसेसर घेतला, त्यात ग्राफिक्स आतच असतं ना, म्हटलं कार्ड मिळेपर्यंत काढू दिवस. पैसे वाचवायला रॅम एकच ८ जीबीची टाकली, गेम नुसते अडखळायचे. महिन्याने तशीच दुसरी लावली तर वेगळाच पीसी वाटला, कारण आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला रस्ता दुप्पट रुंद मिळतो. मग सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या क्रिप्टो नाण्याचं मायनिंग बंद झालं आणि वापरलेल्या कार्डांचा बाजारात पूर आला. मी एक उचललं, पण दुकानातच अर्धा तास गेम चालवून बघितला, पंखा खरखरतोय का कान लावून ऐकलं आणि मगच पैसे काढले. घरी आल्यावर चिपची उष्णता ओढून नेणारी थर्मल पेस्ट बदलली. अजून चालू आहे. सेकंडहँड म्हटलं की लोक नाक मुरडतात, मला तर तिथेच खरी बचत दिसते.

नागपूरची आई
मला यातलं फार कळत नाही, पण पैसे मी दिलेत म्हणून लिहिते. लेकाने समोरून काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट घेतलं. दिसायला छानच. मे महिन्यात आमच्याकडे बाहेर ४५ आणि खोलीत कूलर बंद, कारण त्याचा आवाज हेडफोनमध्ये येतो म्हणे! खेळता खेळता पीसी आपोआप बंद पडायला लागला. शेवटी पठ्ठ्या समोरची काच काढून, ती पलंगाखाली ठेवून खेळायला लागला. मग हवा यायला लागली तशी धूळही आली. जाळीचं घेतलं असतं तर हजारभर रुपये वाचले असते हे तो आता स्वतःच सांगतो, मी बोलले होते तेव्हा मात्र मला काही कळत नव्हतं.

अर्धवटराव२.०
माझी फजिती दोन ओळींची. स्वस्त म्हणून आय३-१२१००एफ प्रोसेसर घेतला, रात्री एक वाजेपर्यंत स्क्रीन काळी. एचडीएमआयची वायर मी मदरबोर्डला खुपसलेली, आणि त्या एफचा अर्थच मुळी आत ग्राफिक्स नाही. वायर ग्राफिक कार्डाला लावली, एका सेकंदात चालू. तोवर दुकानदाराला तीन फोन करून झालेले, माणूस चांगला, शिव्या दिल्या नाहीत.

कोथरूड टू बंगळुरू
वरच्याला सोबत म्हणून माझंही घ्या. ३२००च्या वेगाची रॅम दोन वर्षं २४००वर चालवली, कारण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमचा पूर्ण वेग, चालू करावं लागतं हे माहीतच नव्हतं. १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा मॉनिटरही विंडोजच्या सेटिंगमध्ये ६०वरच होता. आणि मित्रांना सांगत फिरायचो की बघ किती स्मूथ दिसतं!

जुनं_ते_सोनं
मी उलट सांगतो, जुळवूच नका. ऑफिसमधून निघालेला आय५चा जुना डबा घ्या आणि त्यात जीटीएक्स १६५० ग्राफिक कार्ड टाका. ७५ वॉटचं कार्ड, बरीच मॉडेल्स मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच वीज घेतात, वेगळी वायर लागत नाही. मी जीटीए ५ असाच खेळलो. फक्त डबा बारका असेल तर अर्ध्या उंचीचं कार्ड शोधावं लागतं, मला ते शोधायला पंधरा दिवस लागले. आणि एवढ्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ला संपला, तेवढं मनाची तयारी करून.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. भाच्याला मोठ्याने वाचून दाखवलं, नागपूरच्या ताईंचं ऐकून त्याने यादीतलं काचेचं कॅबिनेट स्वतःच खोडलं. ग्राफिक कार्ड वापरलेलं घेतोय, एसएमपीएस नवा आणि बिलासकट. रॅम सध्या आठ-आठच्या दोनच, पण बोर्ड रॅमच्या चार स्लॉटचा बघतोय, म्हणजे भाव उतरले की पुढे वाढवता येईल. रविवारी निघणार होतो, पण लॅमिंग्टनला रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी सकाळची लोकल. येताना खोके फार असणार, टॅक्सीचे पैसे बजेटमध्ये धरलेले नाहीत.