नानांची बंद गोळी आणि अप्पाकाकांचा काढा

ताई (रात्री ८:१२): सर्वांना नमस्कार. आज नानांच्या औषधांचा डबा आवरताना कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्यांची पाकिटे न फोडलेली सापडली. विचारल्यावर त्यांनी शांतपणे सांगितले की आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर आलेला लसणाचा काढा सुरू केल्यापासून, म्हणजे गेले पाच आठवडे, ती गोळी त्यांनी बंद केली आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवून अजून दीड वर्षही झालेले नाही. हे कोणाच्या सल्ल्याने झाले आणि आम्हांला कोणी का सांगितले नाही, एवढेच मला विचारायचे आहे.

माईआत्या: ताई, तुझी काळजी समजते, परंतु नानांना आणि अप्पाला वेगवेगळा फोन करून हे विचारता आले असते. सगळ्यांसमोर जाब विचारण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती.

अप्पाकाका: मी कोणालाही गोळी बंद करण्यास सांगितलेले नाही. मी केवळ माहिती दिली होती. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी पुन्हा देतो : लसूण, आले व लिंबू यांचा रस आणि ॲपल सायडर व्हिनेगर समप्रमाणात घेऊन चाराचे तीन भाग होईपर्यंत आटवावे, थंड झाल्यावर मध घालावा आणि रोज उपाशीपोटी तीन चमचे घ्यावे. रक्तवाहिन्यांतील अवरोध संपूर्ण मोकळे होतात.

छोटू: बाबा, हाच काढा मागच्या पावसाळ्यात गुडघ्यांसाठी आला होता. कृती तीच आहे, फक्त अवयवाची बदली झालेली दिसते.

अप्पाकाका: थट्टा करणाऱ्यांनी आधी स्वतःचे कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे.

वहिनी: अप्पाकाका, राग मानू नका, पण औषधांच्या दुकानात बसून मी हा प्रश्न रोज ऐकते, म्हणून सविस्तर लिहिते. आपण रक्तवाहिनी म्हणजे नळ आणि ब्लॉकेज म्हणजे त्यात अडकलेला गाळ असे समजतो, आणि म्हणून आंबट किंवा तिखट काहीतरी प्यायल्याने तो धुऊन निघेल असे वाटते. प्रत्यक्षात हा मेद वाहिनीच्या आतल्या अस्तराखाली, भिंतीच्या जाडीत साचतो. एलडीएलचे, म्हणजे अपायकारक कोलेस्टेरॉलचे, कण तिथे शिरतात, पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात, त्यांच्यावर तंतूंचे आवरण तयार होते आणि पुढे त्यात कॅल्शियम जमून भिंत कडक होते. झटका बहुतेक वेळा येतो तो वाहिनी हळूहळू पूर्ण बुजल्याने नव्हे, तर ते आवरण फाटून त्यावर अचानक रक्ताची गुठळी झाल्यामुळे. स्टॅटिनमुळे यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती मंदावते, यकृत रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेते आणि ते आवरण बळकट होण्यासही मदत होते. नानांनी नेमके हेच संरक्षण थांबवले आहे.

अप्पाकाका: लसणाचे गुण हजारो वर्षांपासून सिद्ध आहेत. ते गोळ्या विकणाऱ्यांना सोयीचे नाहीत.

वहिनी: काका, मी इसबगोलही विकते आणि त्याने एलडीएल थोडे कमी होते हे प्रत्येकाला आनंदाने सांगते. लसणाचे म्हणाल, तर २००७ साली अमेरिकेत १९२ जणांना सहा महिने कच्चा लसूण, लसणाच्या दोन प्रकारच्या गोळ्या किंवा औषध नसलेल्या नुसत्या रिकाम्या गोळ्या देऊन पाहिल्या, आणि एलडीएलमध्ये दखल घेण्याजोगा फरक कोणत्याच गटात आढळला नाही. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिनच्या फक्त ५ मिलिग्रॅमच्या गोळीने २८ दिवसांत एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरले. त्याच चाचणीत लसूण, हळद आणि दालचिनी यांच्या गोळ्या मात्र रिकाम्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

अप्पाकाका: ज्यांनी वाचले नसेल त्यांच्यासाठी पुन्हा : लसूण, आले व लिंबू यांचा रस आणि ॲपल सायडर व्हिनेगर समप्रमाणात...

मधली काकू: भावोजी, वैद्य म्हणून आता मला बोलणे भाग आहे. चरकसंहितेत कफाच्या वीस विकारांमध्ये 'धमनीप्रतिचय' सांगितलेला आहे, म्हणजे धमन्यांच्या या दुखण्याची कल्पना आपल्या शास्त्राला नवी नाही. परंतु मी शिकलेल्या एकाही संहितेत सफरचंदाचे व्हिनेगर नाही, तेव्हा या काढ्याला कृपया आयुर्वेद म्हणू नये. गुग्गुळाचे उदाहरण घ्या. १९६६ साली डॉ. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठातील प्रबंधात सुश्रुताच्या मेदोरोगाच्या, म्हणजे मेदाच्या विकाराच्या, वर्णनावरून गुग्गुळाची सशांवर तपासणी केली आणि पुढे त्याचा अर्क औषध म्हणून बाजारात आला. मात्र २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे झालेल्या चाचणीत एलडीएल उतरण्याऐवजी किंचित वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. रुग्णाची प्रकृती न पाहता सर्वांना सरसकट अर्क देण्याच्या त्या पद्धतीबद्दल माझे आक्षेप आहेत, तरीही तो निकाल मी लपवत नाही आणि हृदयरोग्याची चालू गोळी कधीही थांबवत नाही. पंधरा वर्षांत आपण एकदाही मला नाडी दाखवली नाही, आणि अनोळखी माणसाच्या संदेशावर मात्र थोरल्या भावाला काढा पाजला, याचे वाईट वाटते.

माईआत्या: मधल्या वहिनी, नाडीचा विषय इथे कशाला? मागच्या वेळीही बोलणे तिथूनच बिघडले होते.

दादा: नाडी नंतर पाहू. नाना ॲस्पिरिन घेतात आणि पुढच्या आठवड्यात त्यांची दाढ काढायची आहे. एवढा लसूण रोज पोटात जात असेल तर रक्तस्राव वाढेल का?

वहिनी: वाढू शकतो. लसणामुळे रक्तातील चकत्यांचे (प्लेटलेट्सचे) एकमेकींना चिकटणे कमी होते, म्हणून लसणाची पूरके शस्त्रक्रियेच्या निदान सात दिवस आधी थांबवण्यास सांगतात. दंतवैद्यांना या काढ्याची कल्पना द्यायलाच हवी.

नाना (रात्री ९:४०): मी सर्व वाचले. अप्पावर कोणी रागावू नये. दात घासताना हिरड्यांतून रक्त येते हे खरे आहे, ते मी सांगितले नव्हते. आणि गोळी मी काढ्यामुळे सोडलेली नाही. गोळीने पोटऱ्या दुखतात असे कुठेतरी वाचले होते, माझ्याही दुखत होत्या, म्हणून सोडली. ताई ओरडेल म्हणून काढ्याचे नाव सांगितले.

ताई: नाना, मी ओरडते म्हणून तुम्ही औषध लपवणार असाल, तर चूक माझीही आहे.

वहिनी: नाना, एक नीट आठवून सांगा. पोटऱ्या बसल्याबसल्या दुखतात की चालताना? आणि गोळी सोडल्यावर दुखणे कमी झाले का?

नाना: चालताना आणि जिना चढताना. थांबलो की दोनतीन मिनिटांत बरे वाटते. कमी मात्र झालेले नाही, उलट हल्ली कोपऱ्यापर्यंत जायच्या आधीच थांबावे लागते.

छोटू: म्हणजे गोळी उगीच बदनाम झाली.

वहिनी: छोटू, आता थट्टा नको. गोळीमुळे स्नायू दुखतात हे खोटे नाही, परंतु चालताना येणारे आणि थांबताच जाणारे दुखणे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने असू शकते. आजार तोच, जागा निराळी. घोट्याजवळचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात; ते ०.९० किंवा त्याहून कमी आले तर पायांकडचा पुरवठा कमी आहे असे समजतात. ही तपासणी सुईविना आणि थोड्या वेळात होते. गोळी पुन्हा कोणत्या मात्रेने सुरू करायची तेही हृदयरोगतज्ज्ञांना उद्याच विचारावे.

मधली काकू: पूर्ण सहमत आहे. तोपर्यंत काढा बंद ठेवावा.

माईआत्या: नानांना सकाळी लवकर जमेल का, ते आधी कोणीतरी त्यांनाच विचारावे.

नाना: जमेल.

अप्पाकाका (रात्री १०:२५): गाडी मी आणतो. साडेआठला तयार राहावे. काढ्याची बाटली सोबत घ्यावी, त्यात काय काय घातले होते ते डॉक्टरांना मीच सांगेन.