मदत हवी आहे : अमेथिस्टचा पुंजका नैसर्गिकच आहे ना?

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात अजिंठ्याच्या पायथ्याशी एका विक्रेत्याकडून अमेथिस्टचा, म्हणजे जांभळ्या स्फटिकांचा, पुंजका घेतला. तळहाताएवढा आहे. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत जांभळा स्फटिक सापडतो हे माहीत होतं, म्हणून मोह आवरला नाही. घरी आल्यावर मात्र शंका यायला लागली.

भिंगातून पाहिलं तर प्रत्येक टोक सहा पैलूंचं, पण एकही दुसऱ्यासारखं नाही. बुडाशी स्फटिक जवळजवळ पांढरे, वर जाताना जांभळे होत गेलेले, आणि रंग सगळीकडे सारखा नाही, पट्ट्यापट्ट्यांनी गडद-फिका. इथपर्यंत मन निश्चिंत होतं. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बुडवलेला कापूस फिरवला, रंग उतरला नाही. भेगांमध्येही रंग साचलेला दिसत नाही.

पण मधल्या मोठ्या स्फटिकाच्या बुडाशी काचेसारखी चकचकीत रेघ आहे, आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली तेवढीच निळसर पांढरी चमकते. तो डिंक असेल का? की कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज? ते असेल तर व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर फसफसेल, पण बाकीच्या नमुन्याला धक्का लागेल म्हणून हात धजत नाही. तुटलेला स्फटिक परत चिकटवलेला असला तरी मी तो ठेवणारच आहे, फक्त नोंदवहीत खरं लिहायचंय.

आणखी एक, उन्हाने याचा रंग फिका पडतो, म्हणून खिडकीतून हलवलाय. कपाटातले एलईडी दिवे दिवसभर चालू ठेवले तर चालतील का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.