वॅगनआरला हेडलाईटचे बल्ब कोणते बसवू?

करूळघाट
मंडळी, 2012 ची वॅगनआर सेकंडहँड घेतलीय. सासुरवाडी वैभववाडीला, त्यामुळं शनिवारी रात्री कळे, साळवण, गगनबावडा करत घाट उतरायचा. डिपरवर, म्हणजे खाली पडणाऱ्या जवळच्या झोतावर, उजेड म्हणजे निव्वळ पणती. गेल्या आठवड्यात साळवणच्या अलीकडं उसाची ट्रॉली उभी, ना रिफ्लेक्टर ना दिवा. अगदी जवळ गेल्यावर दिसली. अजून छातीत धडधडतंय. दुकानदार म्हणतो एलईडी टाका, नाहीतर 100 वॅटचे. काय करू?

उद्यमनगरी
भावा, थांब. आधी जुना बल्ब काढ आणि त्याच्या बुडाला काय लिहिलंय ते वाच. तुझ्या गाडीला एच4 लागतो, 12 व्होल्ट, 60/55 वॅट, मागं तीन पाती. अप्पर, म्हणजे लांबचा झोत, 60, डिपर 55. दोन पात्यांचा एच7 वेगळा, तो बसणारच नाही. 100/90 वाला मात्र तिथंच चपखल बसतो, आणि घोळ तिथंच होतो. 60 वॅटला 5 अँपिअर लागतात, 100 ला 8 च्या वर. वायरिंग कंपनीनं 60 च्या हिशोबानं दिलंय. कपलर, म्हणजे बल्बच्या पात्यांवर बसणारा वायरचा प्लग, वितळतो, हेडलाईटमधला रिफ्लेक्टर आतून काळवंडतो.

पन्हाळ्याचा_पाऊस
एलईडी नकोच. एच4 मध्ये दोन तारा असतात, डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. खाली जाणारा उजेड ती अडवते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. एलईडीची चिप त्या तारेच्या नेमक्या जागी आली नाही की उजेड चौफेर फेकला जातो. तुला वाटतं लख्ख दिसतंय, समोरचा मनातल्या मनात तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत असतो. शिवाय पांढराशुभ्र उजेड घाटातल्या धुक्यात उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो. साधा पिवळसर हॅलोजन घ्या, चांगल्या कंपनीचा, जोडीनं. एक नवा एक जुना ठेवू नका.

करूळघाट
पण साधाच बल्ब टाकला तर फरक काय पडणार?

उद्यमनगरी
बल्बपेक्षा कपलरवर व्होल्टेज किती येतंय ते बघ. गाडी चालू, डिपर चालू, बल्ब जोडलेला असतानाच व्होल्टेज मोजायचा मीटर लाव. व्होल्टेज दहा टक्के पडलं की हॅलोजनचा उजेड जवळपास तीस टक्के पडतो. मग कसलाही बल्ब टाक, पणतीच. रिले वायरिंग करून घे, म्हणजे गाडीचं बटण फक्त रिले नावाचा छोटा स्विच चालू करतं आणि बल्बला करंट येतो बॅटरीवरनं थेट, फ्यूज टाकून. आणि गाडी 2012 ची म्हणजे पुढची काच, म्हणजे प्लास्टिकच ते, पिवळं पडलं असणार. पॉलिश करून घे आधी.

राजारामपुरी_7
बसवताना काचेला बोट लावू नका. हाताचा तेलकटपणा राहिला की तिथं जास्त तापून बल्ब लवकर जातो. मी एकदा भडंग खाता खाता बदलला होता, पुढचं सांगत नाही.

करूळघाट
आज उघडला. मंडळी, आधीच्या मालकानं 100/90 च बसवले होते! उजव्या बाजूचा कपलर वितळून पात्याला चिकटलेला, पक्कडीनं फोडून काढावा लागला. मीटर लावला तर बॅटरीवर 13.9 आणि कपलरवर 11.8. नवीन कपलर, रिले वायरिंग आणि 60/55 ची जोडी टाकली. काच पॉलिश झाली.

पन्हाळ्याचा_पाऊस
फोकस सेट केला का? सपाट जागेवर भिंतीसमोर गाडी लावून डिपर मारा. उजेडाची वरची कड सरळ कापल्यासारखी दिसली पाहिजे, फक्त डावीकडं जरा वर चढलेली.

करूळघाट
केला. डावा आकाशात बघत होता, खाली घेतला. काल रात्री जाऊन आलो. कळ्याच्या पुढं ट्रॉली होती, पण लांबूनच दिसली. बायको म्हणाली, आज पहिल्यांदा तुम्ही स्टेअरिंगवर वाकून नाही बसलात.

उद्यमनगरी
ते जुने 100 वाले कुणाला फुकट देऊ नकोस म्हणजे झालं.