बेरियमच्या फिल्म वाचायला शिकायचंय, बाराशे रुपयांत काय घेऊ?

पिंपळपान_०४
नमस्कार. मी बीपीएमटी (पॅरामेडिकलची पदवी) रेडिओग्राफीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पचनसंस्था पाठ आहे: अन्ननलिका साधारण २५ सेंमी, ड्युओडेनमचा इंग्रजी सी, मोठं आतडं दीड मीटर. लिहायला सांगा, दोन पानं भरून देईन. पण परवा सरांनी व्ह्यू बॉक्सवर (एक्स-रे बघायची दिव्याची पेटी) बेरियम मीलची, म्हणजे बेरियम पाजून काढलेली जठराची फिल्म लावली आणि विचारलं, "पेशंट कसा झोपलाय, सांग." मला फक्त पांढरं आणि काळं दिसत होतं. फंडस (जठराचा वरचा फुगीर भाग) कुठला, अँट्रम (खालचा, आतड्याकडचा भाग) कुठलं, एक शब्द फुटला नाही. सर रागावले नाहीत, पुढच्या मुलाकडे वळले. तेच जास्त लागलं.

प्रॅक्टिकलला सात आठवडे आहेत. मेसचे पैसे भरून १,२०० रुपये उरलेत, त्यात वाढ होणार नाही. जुना ॲटलास, मोबाइलवरचं ॲनाटॉमीचं ॲप, की ते प्लॅस्टिकचं मॉडेल? ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी सांगा, प्लीज.

तिसरा_मजला
मॉडेल घे, डोळे झाकून घे. मी पहिल्या वर्षाला ४,५०० ला धडाचं मॉडेल घेतलं, अवयव सुटे होतात. जठर हातात धरून लेसर कर्व्हेचर आणि ग्रेटर कर्व्हेचरवरून (जठराची आखूड आणि लांब कड) बोट फिरवलं की जन्मात विसरत नाही. लिव्हरची खुंटी महिन्याभरात तुटली, आता ते रबरबँडने बांधून ठेवतो, पण अभ्यासाला काही अडत नाही. बजेट थोडं वाढव, घरी समजावून सांग.

मस्कतकर
मॉडेलमध्ये पैसे घालू नकोस. ॲप घे. मी इथे रोज सीटी लावतो, टॅबवर ॲप उघडं असतं. ड्युओडेनमचे चारही भाग फिरवून बघता येतात, स्वादुपिंडाचं डोकं त्या सीच्या कुशीत कसं बसलंय ते दिसतं. वर्षाला तीन हजारांच्या आसपास जातात. नोकरी लागली की हे पैसे किरकोळ वाटतील. फक्त ऑटोडेबिट बंद कर, माझे एका वर्षाचे दोनदा कापले गेले आणि परत मिळवायला चार महिने मेल करत होतो.

पिंपळपान_०४
धन्यवाद दादा, पण बाराशेच आहेत.

अंधारखोली
पोरी, काहीही विकत घेऊ नकोस. मी डार्करूमच्या काळापासून सरकारी नोकरीत आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी. बेरियम पुस्तकात समजत नाही, हाताला लागल्यावर समजतं. तुमच्या विभागात ज्या दिवशी बेरियम असेल त्या दिवशी सकाळी आठला जाऊन उभी राहा आणि म्हण, "मी कालवते."

कालवताना कळेल की ते किती जड असतं. बाटली हातात घेतली की वाटतं यात वाळू भरलीय. आणि ते बसतं. माझ्या उमेदवारीत मी बाटली न हलवता वरचं वरचं ओतून पेशंटला दिलं. फिल्मवर जठर नुसतं धुरकट. खाली बोटभर साका तसाच राहिला होता. त्या माणसाला उपाशीपोटी पुन्हा बोलवावं लागलं, तो गावाहून एसटीने दोन तास येत होता. आजही बाटली हातात घेतली की तो माणूस आठवतो आणि मी दोनदा जास्त हलवतो.

दुसरं, "काही खाल्लंय का?" असं विचारून भागत नाही. सहा तास उपाशी म्हणजे चहासुद्धा नाही, हे आपल्या लोकांना वेगळं सांगावं लागतं. चहा म्हणजे खाणं नव्हे अशीच सगळ्यांची समजूत असते. तंबाखू, मिश्री, विडी हेही नावं घेऊन विचार. डबल कॉन्ट्रास्टला (बेरियमबरोबर हवाही वापरतात ती तपासणी) गॅसची पावडर दिली की आधीच बजाव, ढेकर आला तर गिळा, बाहेर काढू नका. ढेकर गेला की हवा गेली, आणि हवा गेली की जठराच्या घड्या उलगडत नाहीत.

तिसरं, सांडलेला थेंब लगेच पूस. गाऊनवर वाळलेला एक ठिपका फिल्मवर पांढराशुभ्र येतो आणि वाचणारा डॉक्टर त्यावर अर्धा तास घालवतो.

निळी_शाई
+१. सीनियरच्या नोट्स घे, त्यात सगळं असतं.

स्कोपवाला
कोणीतरी खरं बोलायला हवं म्हणून लिहितो. बेरियम मील आता कोण करतं? एंडोस्कोपीत आतून थेट दिसतं, तिथल्या तिथे तुकडाही घेता येतो. मोठ्या आतड्याला कोलोनोस्कोपी किंवा सीटी कोलोनोग्राफी, लहान आतड्याला सीटी नाहीतर एमआर (एमआरआय) एंटेरोग्राफी, म्हणजे आतडं द्रवाने फुगवून केलेला स्कॅन. आमच्याकडे एंटेरोग्राफीला मॅनिटॉलचं पाणी थोडंथोडं करून दीड लिटर पाजतात, आतडी फुगतात आणि भिंत स्वच्छ दिसते. सात आठवडे बेरियममध्ये घालवण्यापेक्षा क्रॉससेक्शन शिक. त्यासाठी दोन-अडीच हजारांचं एक चांगलं पुस्तक लागेल.

अंधारखोली
कोण करतं म्हणजे? आम्ही करतो. गिळताना अडकतंय म्हणून आलेला पेशंट, लहानपणी ॲसिड प्यायल्याने अन्ननलिका आकसलेली मुलगी, ॲकलेजियाचं (अन्ननलिकेचं खालचं तोंड सैल न होण्याचा आजार) चोचीसारखं निमुळतं टोक, हे स्वॅलोवर (बेरियम गिळतानाच्या अन्ननलिकेच्या फिल्मवर) दोन मिनिटांत दिसतं. आकसलेला भाग किती लांब आहे, त्याच्या पलीकडे काय आहे, हे स्कोप पुढे जाईना तेव्हा बेरियमच सांगतं. आणि आपल्या देशात आतड्याचा टीबी आहे साहेब. फॉलोथ्रूवर (बेरियम लहान आतड्यातून पुढे सरकतानाच्या फिल्मवर) इलिओसीकल भाग, म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्याचा सांधा बघा: सीकम आकसून वर ओढलं गेलेलं, झडप उघडी पडलेली, इलियम आणि सीकममधला कोन सरळ होत चाललेला. असे किती पेशंट मी माझ्या टेबलावर झोपवलेत. त्यांच्या तालुक्यात एमआर नाही.

स्कोपवाला
टीबीचं मान्य. पण बायोप्सीशिवाय औषध सुरू करू नये, एवढंच माझं म्हणणं. आणि परीक्षक बेरियम विचारतात कारण त्यांनी तेच शिकलंय.

अंधारखोली
बायोप्सीला मी कुठे नाही म्हटलं? आणि परीक्षक विचारतात, म्हणजे तिला ते लागणारच आहे. तिचा प्रश्न तोच आहे.

रबरी_पिशवी
भांडण बाजूला ठेवा, मुलीला पेशंट कसा झोपलाय ते कळत नाहीये. ताई, एक रुपयाही न खर्चता सांगते, मला माझ्या मॅडमने असंच शिकवलं होतं.

पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घे, अर्धी भर, झाकण घट्ट लाव. बाटलीचा बूड म्हणजे फंडस, तोंडाकडचा भाग म्हणजे अँट्रम. आता लक्षात ठेवायची गोष्ट एकच: फंडस पाठीकडे असतो, अँट्रम पोटाच्या पुढच्या बाजूला. पेशंट उताणा झोपला की फंडस सगळ्यात खाली जातो. म्हणून बाटली आडवी धर, बूड थोडा खाली, तोंड वर. पाणी बुडात गेलं, हवा तोंडाशी आली ना? म्हणजे उताण्या फिल्मवर बेरियम फंडसमध्ये आणि हवा अँट्रमकडे. आता पेशंट पालथा कर, तोंड खाली आणि बूड वर. बेरियम अँट्रममध्ये आलं, हवा फंडसमध्ये गेली.

बेरियम जड म्हणून खाली, हवा हलकी म्हणून वर, बाकी सगळं यातूनच निघतं. तिरप्या पोझिशन पाठ करत बसू नकोस, बाटली तिरपी कर आणि बघ. मोठ्या आतड्यालाही हाच नियम. फक्त स्प्लेनिक फ्लेक्शर (मोठ्या आतड्याचं डावं वळण) हेपॅटिकपेक्षा (उजव्या वळणापेक्षा) वर असतो आणि उजवीकडे लिव्हरने जागा अडवलेली असते, एवढं ध्यानात ठेव. स्वॅलोला पेशंट आरएओमध्ये (उजवी पुढची बाजू फिल्मकडे करून तिरपा) का वळवतात तेही पाठ करू नकोस. शेजारच्याला उभं करून वळवून बघ. अन्ननलिका मणक्यावरून सुटून मणका आणि हृदय यांच्या मधल्या फटीत येते.

तिसरा_मजला
मॉडेलवर हे सगळं होतं.

रबरी_पिशवी
मॉडेलच्या जठरात पाणी भरता येत नाही.

शिसं_पाव_मिलिमीटर
कोणी बोलत नाहीये म्हणून सांगतो. बाराशेत स्वतःची थायरॉइड कॉलर (गळ्याला बांधायची शिशाची पट्टी) घे. फ्लोरोस्कोपीच्या (चालत्या एक्स-रेच्या) खोलीत आमच्या वेळी विद्यार्थ्यांना उरलेसुरले ॲप्रन द्यायचे. माझ्या वाट्याला आलेला मधोमध घडी पडलेला होता, शिसं आतून तडकलेलं, आणि ते कोणी कधी तपासलंच नव्हतं. अजून राग येतो. ॲप्रन खुंटीला टांगायचा असतो, घडी घालायचा नसतो. टीएलडी बॅज (अंगावर किती किरण पडले ते मोजणारा) ॲप्रनच्या आत, छातीवर लावायचा. कित्येक मुलं तो कॉलेजच्या बॅगेत ठेवून फिरतात.

मस्कतकर
कॉलर देणं संस्थेचं काम आहे, विद्यार्थ्याच्या मेसच्या पैशांतून कशाला?

शिसं_पाव_मिलिमीटर
देणं त्यांचं काम, पण गळा तिचा आहे.

आद्यांत्र
वर कोणी लिहिलंय का माहीत नाही, सीनियरच्या नोट्स मिळव. आणि नावं आधी मराठीत पक्की कर. ड्युओडेनमला आपल्या शाळेच्या पुस्तकात आद्यांत्र म्हणतात, आतड्याचा पहिला भाग, नावातच जागा आली. त्या लॅटिन नावाचा उगम बारा या आकड्यात आहे, बारा बोटं लांब म्हणून. अपेंडिक्स म्हणजे आंत्रपुच्छ. अर्थ कळला की इंग्रजी शब्द आपोआप चिकटतो. माझंही मराठी माध्यमच होतं. भाषेमुळे मागे पडतेस असं मनात आणू नकोस.

आणखी एक. रोंटगेनने १८९५ मध्ये किरण शोधले आणि पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये कॅनन नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने प्राण्यांना बिस्मथ कालवलेलं अन्न देऊन ते घशाखाली उतरताना पाहिलं. तो तेव्हा पहिल्या वर्षाला होता. बेरियम सल्फेट १९१० च्या सुमारास आलं.

गळतीशोधक
व्हायवाला हमखास येतं ते लिहून ठेवते, कारण हे चुकलं तर फक्त मार्क जात नाहीत. मी शस्त्रक्रियेनंतरच्या गळतीच्या तपासण्या करते, रोज हाच विचार करावा लागतो.

जठर किंवा आतडं फुटल्याची शंका असेल तर बेरियम द्यायचं नाही. पोटाच्या पोकळीत गेलं तर पेरिटोनायटिस (पोटाच्या अस्तराचा दाह) होतो आणि ते तिथून निघत नाही. अशा वेळी पाण्यात विरघळणारं आयोडिनचं कॉन्ट्रास्ट. पण पेशंटला ठसका लागत असेल, श्वासनलिकेत जायची भीती असेल किंवा श्वासनलिका आणि अन्ननलिकेत फिस्टुला (दोन्हींना जोडणारं छिद्र) असेल, तर ते जुनं आयोनिक, जास्त ऑस्मोलॅलिटीचं द्रव्य अजिबात नको. फुप्फुसात गेलं तर ते पाणी ओढून घेतं, पल्मनरी इडिमा होतो, म्हणजे फुप्फुसात पाणी साठतं. तिथे कमी ऑस्मोलॅलिटीचं नॉनआयोनिक. बेरियम एनिमाला (गुदद्वारातून मोठ्या आतड्यात बेरियम देतात ती तपासणी) हेही विचारतात: टॉक्सिक मेगाकोलन (मोठं आतडं धोकादायक फुगलेलं) असेल किंवा नुकतीच खोल बायोप्सी झाली असेल तर थांबायचं.

बेरियम सल्फेट विषारी नाही कारण ते विरघळत नाही, जठराच्या आम्लातसुद्धा नाही. बेरियम कार्बोनेट मात्र आम्लात विरघळतं, उंदीर मारायला वापरायचे ते हेच. २००३ मध्ये ब्राझीलमध्ये भेसळ झालेल्या बेरियम सल्फेटमुळे माणसं दगावली. तेव्हा पाकिटावरचं पूर्ण नाव आणि तारीख दरवेळी वाच, शंभराव्या वेळीसुद्धा.

आणि तपासणीनंतर पेशंटला भरपूर पाणी प्यायला सांग, एक-दोन दिवस शौच पांढरी होईल हेही सांग. आमच्याकडे एका आजोबांना कोणी हे सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी घरचे सगळे घाबरून रिक्षा करून कॅज्युअल्टीत आले.

निळी_शाई
हो, पाणी सांगायचंच. आणि नोट्स.

पिंपळपान_०४
सगळ्यांचे खूप आभार, प्रत्येक प्रतिसाद वहीत उतरवून घेतलाय. कोणी सुचवलं नव्हतं ते घेतलं, रागावू नका. गावातला एक दवाखाना डिजिटल झाला, त्यांचा जुना व्ह्यू बॉक्स भंगारवाल्याकडे पडला होता. ६५० ला मिळाला. आमची डेमो रूम चारला बंद होते आणि माझा अभ्यास रात्री होतो, म्हणून. विभागप्रमुख मॅडमना विचारून शिकवण्यातल्या सात जुन्या फिल्म महिन्याभरासाठी आणल्यात, नाव-नंबरची पट्टी कापून.

काल रात्री पहिली लावली. जठरात वर डावीकडे हवेचा काळा गोल, म्हणजे फंडस. खाली अँट्रममध्ये बेरियम गच्च. मी लिहिलं, पेशंट उभा आहे. मग बाटली हातात घेऊन बसले. उभी धरली की पाण्याची वरची रेघ अगदी सरळ दिसते. फिल्मवर तशी आडवी सरळ रेघ कुठेच नव्हती, हवेची कड गोलच होती. म्हणून खोडून लिहिलं, पालथा. बरोबर आहे का?

अंधारखोली
बरोबर. उभ्या पेशंटला फंडसमध्ये लेव्हल, म्हणजे ती सरळ रेघ, दिसलीच पाहिजे. आता सातही फिल्मचं असंच लिहून काढ, मग मॅडमना दाखव. आणि बेरियमच्या दिवशी आठ वाजता जायचं विसरू नकोस.

रबरी_पिशवी
किती बरं वाटलं वाचून!

तिसरा_मजला
साडेसहाशेत मॉडेलचा ॲडव्हान्स झाला असता. असो, सरळ रेघेचं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पिंपळपान_०४
एक अडचण आहे. बॉक्समधल्या दोन ट्यूबपैकी डावी सारखी लुकलुकते. चोक गेलाय की स्टार्टर?

शिसं_पाव_मिलिमीटर
आधी स्टार्टर बदलून बघ. प्लग काढून मगच हात घाल.