हरित बांधकामाच्या अटी: खर्च वाढतो तो भरायचा कोणी?

सातारकर:
साताऱ्यात 520 चौरस मीटरच्या प्लॉटवर घर बांधतोय. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीनुसार 500 चौरस मीटरपासून पुढच्या प्लॉटवर पावसाचं पाणी जिरवण्याची सोय सक्तीची. पाइप, गाळणी, शोषखड्डा धरून कॉन्ट्रॅक्टरने 70 हजार सांगितले. तेवढ्यात घराच्या सगळ्या खिडक्या होतात. कर्ज आधीच ताणलंय. अशा अटींनी घर महाग होतं, हे कोणी मान्यच करत नाही.

साइटवरचा माणूस:
दादा, 25 वर्षं बांधकामावर आहे. 60 लाखांचं घर धरा, 70 हजार म्हणजे सव्वा टक्काही नाही. आकडा फुगतो तो स्लॅब पडल्यावर खड्ड्याची आठवण होते म्हणून. गच्चीचा उतार आणि पावसाळी पाइप नकाशातच एका बाजूला घ्या, निम्मी पाइपलाइन वाचते. उलट पश्चिमेला मोठ्या काचा लावायचा हट्ट सोडा. आधी काचेला पैसे, मग एसीला, मग दर महिन्याच्या बिलाला. आजोबांच्या घराला खोल पडवी उगाच नव्हती.

सोसायटी सचिव, पुणे:
सव्वा टक्क्याचा हिशोब बंगल्याला ठीक आहे. आमच्याकडे खर्च ताबा मिळाल्यावर सुरू झाला. बिल्डरने सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प बांधला, परवानगी मिळवली आणि चावी आमच्या हातात दिली. दीड वर्षात ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र) जळाला, पंप बसला. ऑपरेटरचा पगार आणि वीज मेंटेनन्समधून जाते, वर उन्हाळ्यात टँकर आहेतच. हरित मानांकन, म्हणजे पर्यावरणपूरक इमारतीचा दर्जा, घेणाऱ्या बिल्डरला नियमावलीत दर्जाप्रमाणे 3, 5 किंवा 7 टक्के जादा एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाची मुभा आहे. त्याचे फ्लॅट तो विकून मोकळा होतो. प्रकल्प पाच वर्षं चालवून दाखवल्याशिवाय तो एफएसआय पक्का करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

साइटवरचा माणूस:
ताई, हे शंभर टक्के मान्य. पण प्रकल्प बंद ठेवून टँकर मागवणं सगळ्यात महाग. फ्लशला आणि बागेला तेच पाणी फिरवलं तर टँकर कमी होतील. पुणे महापालिका सोलर, पर्जन्यजल, गांडूळखत यांतलं एक चालू असेल तर मिळकत करात 5 टक्के सूट देते, दोन असतील तर 10. अर्ज केलाय का?

सोसायटी सचिव, पुणे:
सूट घेतोय. पण वर्षाची सूट ऑपरेटरच्या दोन पगारांतच संपते.

सातारकर:
माझाही मुद्दा तोच. छतावरच्या 3 किलोवॅट सोलरला केंद्र 78,000 रुपये अनुदान देतं. विजेचं बिल माझं वाचतं, तरी मदत मिळते. शोषखड्ड्याचं पाणी तर शेजाऱ्याच्या बोअरलाही जाणार, आणि तो खर्च माझ्या एकट्याच्या खिशातून?

साइटवरचा माणूस:
ही मागणी रास्त आहे, नगरपालिकेकडे लेखी करा. तोवर नकाशाचा फोटो इथे टाका. स्लॅब अजून पडला नसेल तर पाइप कुठून उतरवायचा ते सांगतो. खोदाई मात्र मे संपायच्या आत उरका.