जंगलातली हवा निवांत नसते

'शहराची हवा रसायनांनी भरलेली, जंगलाची मात्र निव्वळ शुद्ध' हे विधान मला पटत नाही. जंगलाच्या हवेतही रसायनं असतात, आणि ती झाडंच सोडतात. ओक, पॉप्लर उन्हात आयसोप्रीन नावाचं कार्बन-हायड्रोजनचं बाष्प सोडतात. पाइनच्या वनातला ओळखीचा वास त्याच कुळातल्या टर्पीनांचा. जगभरातल्या वनस्पती वर्षाला साधारण ५० कोटी टन आयसोप्रीन हवेत सोडतात!

पण ते टिकत नाही. दिवसा हायड्रॉक्सिल मूलक (OH, हवेतला अतिशय क्रियाशील रेणूचा तुकडा) त्याच्यावर तुटून पडतं. या मूलकाचं स्वतःचं आयुष्य जेमतेम सेकंदभर, तरी आयसोप्रीन त्याच्यापुढे एक-दोन तासांत संपतं. या झटापटीत हायड्रॉक्सिलही खर्च होतं. मग घनदाट जंगलावर ते जवळपास उरायलाच नको; हवेच्या रसायनांची जुनी संगणकीय मॉडेलं तेच सांगत. २००५ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामच्या वर्षावनावर विमानातून मोजणी झाली, तेव्हा ते अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. अशा मोजणीची काही उपकरणं आकडा फुगवतात, हे पुढे लक्षात आलं. तरीही आयसोप्रीनच्या ऑक्सिडीकरणातच काही हायड्रॉक्सिल पुन्हा तयार होतं, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. खर्च होता होता स्वतःची थोडी भरपाई करणारी ही साखळी मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

राहिला ओझोनचा मुद्दा. आयसोप्रीनपासून जमिनीलगतचा ओझोन (श्वासाला घातक प्रदूषक) वाढतो, पण त्यासाठी पुरेसे नायट्रोजन ऑक्साइड लागतात. ते मुख्यतः आपल्या वाहनांच्या आणि कारखान्यांच्या धुरातून येतात. ते फारच कमी असतील, तर आयसोप्रीन उलट ओझोन खातं. म्हणून 'झाडंच प्रदूषण करतात' हा निष्कर्ष कृपया काढू नका.